शेवग्याच्या बियांनी निवळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधाळ होतं, वास मारतं: कारणं आणि उपाय

संध्याकाळी बादलीभर गढूळ पाण्यात शेवग्याच्या बियांची पूड टाकली, ढवळलं, दीड-दोन तासांत साका तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. झाकून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर पाण्यावर दुधाळ झाक, भांड्याच्या आतून बोट फिरवलं की बुळबुळीत, आणि वास भिजत घालून विसरलेल्या डाळीसारखा. बिया कमी पडल्या असतील असं समजून पुढच्या वेळी मूठभर जास्त टाकल्या जातात, आणि वास आणखी वाढतो. मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की मुळशी-भोरकडच्या ओढ्याविहिरींवर भागवणाऱ्या घरांत आणि टँकरवर चालणाऱ्या पुण्याच्या उपनगरांत हीच अडचण दरवर्षी उगवते.

यात बी नासकी नसते, पाणीही नेहमीचंच असतं. पाण्यात बीमधलं नेमकं काय जातं आणि त्यातलं किती मागे राहतं, तिथे गाडी अडते.

बी पाण्यात काय करते आणि मागे काय ठेवते

पावसाळी पाण्यातली माती इतकी बारीक असते की रात्रभर ठेवली तरी खाली बसत नाही. त्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. शेवग्याच्या बीचं टरफल काढल्यावर जो पांढरा मगज निघतो, त्यात धनभार असलेली लहान प्रथिनं असतात. साध्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असतो, आणि या प्रथिनांचा धनभार त्या सगळ्या पट्ट्यात टिकून राहतो. ती मातीच्या कणांना चिकटतात, त्यांचा भार मारतात, कण एकमेकांना धरून पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन बसतात. तुरटी हेच काम करते, पण ती पाण्याचा सामू खाली ओढते. बी सामूला जवळपास हात लावत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता दुसरी बाजू. कामाचं प्रथिन हा मगजाचा छोटा भाग आहे. मगजात ३५ ते ४० टक्के तेल असतं, शिवाय इतर प्रथिनं आणि थोड्या साखरा. पूड थेट बादलीत टाकली की हे सगळं पाण्यात उतरतं. काही साक्याबरोबर खाली जातं, पण विरघळलेला भाग वरच राहतो, आणि तो जिवाणूंचं आयतं जेवण असतो.

निवळताना पाण्यातले साधारण ९० ते ९९ टक्के जिवाणू साक्याबरोबर खाली ओढले जातात. आकडा ऐकायला छान वाटतो. पण १०० मिलिलिटर पाण्यात १०,००० जिवाणू असतील तर ९९ टक्के गेल्यावरही १०० उरतात, आणि खाली बसलेले मेलेले नसतात, नुसते बसलेले असतात. वर उरलेल्या शंभरांना आपणच अन्न घालून ठेवलेलं असतं. बारा ते चोवीस तासांत त्याचा परिणाम नाकाला कळतो.

म्हणून या पद्धतीत एकच गोष्ट सांभाळायची: माती बसवण्यापुरतं प्रथिन पाण्यात जाऊ द्यायचं, बाकीचा मगज शक्य तितका बाहेर ठेवायचा.

कोणत्या पाण्याला हे करूच नये

मातीने गढूळ झालेलं पाणी हेच या बियांचं खरं क्षेत्र. बोअरच्या पाण्यातला जडपणा, खारटपणा, नायट्रेट, अमोनिया यातलं काहीही घरगुती मात्रेने जात नाही. पुण्याखालच्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी बहुतेकदा दिसायला स्वच्छ आणि चवीला जड असतं. त्यात बिया टाकून फक्त बियाच वाया जातात. शहरातून खाली वाहत गेलेल्या मुळा-मुठेचं पाणी, सांडपाणी मिसळलेल्या नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी, फेस येणारं पाणी हे पिण्यासाठी घेऊ नये, निवळूनही नाही. साबण आणि डिटर्जंटचे ऋणभारित रेणू बियांचं प्रथिन मातीच्या आधी स्वतःच अडवून धरतात. त्यामुळे अशा पाण्यात मात्रा कितीही वाढवा, पुंजके धरत नाहीत. बी काम करत नाही अशी तक्रार असेल तर एक बाटली अर्धी भरून जोरात हलवून बघा. फेस मिनिटभर टिकला तर दोष बीचा नाही, ते पाणीच सोडा.

हिरवट, शेवाळी पाण्यातही यश अर्धंमुर्धंच मिळतं, कारण शेवाळ बसण्याऐवजी तरंगत राहतं. गंजाने तांबूस झालेलं पाणी टाकीतून आणि जुन्या लोखंडी पाइपातून येतं. तिथे टाकी आणि पाइप बघावेत.

आधी बी तपासा

भाजीसाठी आणलेल्या हिरव्या शेंगेतली कोवळी बी चालत नाही. शेंग झाडावरच वाळून तपकिरी झालेली, हलवली की खुळखुळणारी हवी. बीला तीन कागदी पंख असतात, आत तपकिरी टरफल, त्याच्या आत मगज. मगज पांढरा किंवा किंचित पिवळसर असावा. काळपट, बुरशी आलेला किंवा खवट वासाचा बाजूला काढा.

कृषी सेवा केंद्रातून लागवडीसाठी मिळणारं बियाणं या कामाला अजिबात घेऊ नका. त्याला बहुतेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी किंवा निळसर रंग दिसला तर ओळखणं सोपं, पण रंग नसला म्हणजे औषध नाही असं नव्हे. झाड माहितीतलं हवं, किंवा शेंगा स्वतः वाळवलेल्या हव्यात.

टरफलासकट बी कोरड्या डब्यात महिनोन्‌महिने टिकते. टरफल काढून ठेवलेली पूड मात्र हळूहळू जोर सोडते, तिच्यातलं तेलही खवट होतं. म्हणून टरफल त्या दिवशीच काढायचं. वर्षभराची पूड एकदम करून ठेवली आणि ऑगस्टपर्यंत ती काम करेनाशी झाली, याचं कारण इथेच असतं.

पूड टाकू नका, अर्क टाका

दुसऱ्या दिवशीचा वास कमी करणारा सगळ्यात मोठा बदल हा आहे, आणि याला खर्च शून्य.

एका मगजाचं वजन साधारण ०.२ ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातला काटा एवढं अचूक मोजत नाही, म्हणून ५० मगज एकदम ठेवा, वजन घ्या आणि ५० ने भागा. तुमच्या झाडाचा आकडा एकदा कळला की पुढे नुसते मोजून काम होतं. २ ग्रॅम मगज, म्हणजे दहाच्या आसपास, खलबत्त्यात कुटा. मिक्सरमध्ये खूप वेळ फिरवू नका; पीठ इतकं बारीक होतं की ते कापडातून निसटून पाण्यात जातं आणि त्याचीच दुधाळ झाक उरते. कुटलेल्या भरडीवर स्वच्छ पाणी थोडं थोडं घालत १०० मिलिलिटर करा, पाच मिनिटं ढवळा, मग सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा. चोथा पिळायचा नाही. पिळला की तेल आणि बारीक पीठ दोन्ही अर्कात येतात.

गाळलेलं द्रव पांढरट, ताकाच्या निवळीसारखं दिसतं. ते उंच ग्लासात १५ मिनिटं स्थिर ठेवा. वर तेलाची पातळ साय येते, तळाशी पांढरी रेघ बसते. सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने मधल्या भागातला अर्क ओढून घ्या. साय आणि तळ टाकून द्या. आपल्याला हवं ते मधल्या थरात आहे.

अर्क त्याच दिवशी वापरायचा. एप्रिल-मे महिन्यात तो दुपारपर्यंतही आंबतो. फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवता येतो, पण वास बदलला तर ओतून द्या.

मीठ घालून अर्क काढला तर प्रथिन जास्त सुटतं, हे खरं आहे. मात्र त्याचा हिशेब बघा. १०० मिलिलिटरला ५.८ ग्रॅम मीठ घातलेला अर्क २० लिटर पाण्यात गेला, तर लिटरमागे २९० मिलिग्रॅम मीठ वाढतं. पाणी मचूळ लागतं. भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादाच लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. आधीच जड असलेल्या पाण्यात हा भार नको. पिण्याच्या पाण्यासाठी साध्या पाण्यातला अर्कच बरा.

मात्रा: इथेच सगळ्यात जास्त चुकतं

‘लिटरला एक बी’ हे सूत्र सगळीकडे ऐकू येतं. खूप गढूळ पाण्याला ते लागू पडतं. जरासं मळकट असलेल्या पाण्याला ते जवळपास चौपट होतं. साधारण अंदाज असा: हलक्या गढूळ पाण्याला, म्हणजे ५० एनटीयूच्या खाली, चार लिटरला एक बी. ५० ते १५० असेल तर दोन लिटरला एक. १५० ते २५० ला लिटरला एक. चहाच्या रंगाच्या पुराच्या पाण्याला लिटरला दोनपर्यंत. एनटीयू हे गढूळपणाचं माप आहे. मीटर नसला तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरा, बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवा आणि वरून आत बघा. मथळा वाचता आला तर गढूळपणा साधारण ३० एनटीयूच्या खाली आहे.

अंदाजावर थांबू नका. पाऊस पडला की पाणी दिवसागणिक बदलतं, त्यामुळे मात्रा पाण्याला विचारूनच ठरवावी लागते. सारख्या आकाराच्या लिटरभराच्या पाच बाटल्या घ्या, तेच पाणी भरा. आपल्या २ टक्के अर्काचा १ मिलिलिटर म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम मगज. पहिल्या बाटलीत १, मग २, ४, ६ आणि ९ मिलिलिटर अर्क टाका. प्रत्येक बाटली मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं हळू हलवा आणि एका रांगेत उभी करा.

दहाव्या मिनिटाला बाटल्यांकडे बघण्यासारखं असतं. एकीत काहीच नाही. दुसरीत पाणी दाणेदार झाल्यासारखं, रव्याचे कण तरंगावेत तसं. तिसरीत पुंजके सुटे सुटे, त्यांच्यामधलं पाणी आरपार, आणि ते खाली येताना डोळ्यांना दिसतात. शेवटच्या बाटलीत बहुतेकदा नुसताच धुरकटपणा. तासाभराने जी बाटली सगळ्यात कमी अर्कात नितळ झाली, तीच तुमची मात्रा. दोन बाटल्या सारख्याच नितळ असतील तर कमी अर्काचीच घ्या. जास्तीचा प्रत्येक मिलिलिटर उद्याच्या वासाची सोय करतो.

शेवटची बाटली धुरकट का राहते? प्रथिन गरजेपेक्षा जास्त झालं की मातीचे कण सगळ्या बाजूंनी झाकले जातात. त्यांचा भार शून्य होऊन थांबत नाही, उलटा होतो. आता सगळे कण धनभारित, आणि पुन्हा एकमेकांना लोटायला लागतात. वरवर बघता हे आणि ‘मात्रा कमी पडली’ हे सारखंच दिसतं, म्हणूनच लोक आणखी बिया टाकतात. ओळखायची खूण अशी: न निवळलेल्या त्या पाण्यातून एक ग्लास घ्या आणि त्यात तेवढंच मूळचं गढूळ पाणी मिसळा, बी न घालता. हळू ढवळून अर्धा तास ठेवा. पुंजके धरले तर मात्रा जास्त झाली होती. काहीच झालं नाही तर कमी होती, किंवा पाण्यातच दुसरं काही आहे.

हलक्या गढूळ पाण्याची आणखी एक अडचण. त्यात कणच इतके विरळ असतात की ते एकमेकांना भेटतच नाहीत. पुंजका धरणार कसा? वर्तमानपत्राचा मथळा स्वच्छ वाचता येत असेल तर बियांचा नाद सोडा. दाट सुती कापड, साधा फिल्टर आणि क्लोरीन किंवा उकळणं पुरेसं आहे. अशा पाण्यात बी फायद्यापेक्षा त्रासच जास्त देते.

ढवळणं आणि बसू देणं

अर्क टाकताना एक मिनिट जोरात ढवळा, म्हणजे तो सगळीकडे पोचतो. त्यानंतर पाच ते दहा मिनिटं अगदी हळू, मिनिटाला १५ ते २० फेऱ्या. पुढेही जोरात ढवळत राहिलं तर बांधलेले पुंजके फुटतात आणि फुटलेले तितक्या चांगले परत जुळत नाहीत. मग भांडं हलवायचं नाही, एक ते दोन तास. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं तेव्हा तीन तास धरा, कारण गार पाण्यात साका सावकाश उतरतो.

नितळ झाल्या झाल्या पाणी नितारून दुसऱ्या भांड्यात घ्या. साका तळाशी ठेवून रात्रभर वरचं पाणी तसंच ठेवणं ही दुसरी मोठी चूक. त्या साक्यात माती आहे, मगज आहे आणि खाली ओढलेले सगळे जिवाणू आहेत. तो तिथेच कुजायला लागतो आणि वर बुडबुडे सोडतो. पिंपाला तोटी बसवायची असेल तर ती तळापासून निदान सात-आठ सेंटिमीटर वर हवी. नितारलेलं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळा. ते कापड रोज धुऊन उन्हात वाळवा. ओलसर कापडच वासाचं मूळ निघाल्याची उदाहरणं पुष्कळ.

एवढं करूनही वास येत असेल तर: वाळूची पद्धत

यात बियांचं प्रथिन पाण्यात न सोडता वाळूला चिकटवायचं, आणि मगजातलं बाकी सगळं धुऊन टाकायचं. वाळूचा सिलिका ऋणभारित, प्रथिन धनभारित. ते वाळूला घट्ट धरतं. तेल, साखरा आणि नको ती प्रथिनं धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातात. उरते ती धनभाराची वाळू, आणि तिच्यातून गढूळ पाणी गेलं की मातीचे कण वाळूलाच चिकटून राहतात. पाण्यात अन्न उरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचा वासही नाही.

वाळू कोणती, हे महत्त्वाचं. पुण्यात बांधकामावर मिळते ती क्रश सँड, म्हणजे काळ्या दगडाचा चुरा. तिच्यात दगडाची भुकटी भरपूर असते आणि ती आठ वेळा धुतली तरी पाणी करडंच उतरतं. जलशुद्धीकरणाच्या साहित्याच्या दुकानात फिल्टरसाठीची सिलिका वाळू मिळते, ती घ्या. दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा.

१ किलो वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. १० ग्रॅम मगजाचा अर्क १ लिटर पाण्यात वरच्यासारखाच करून गाळा. वाळू त्यात टाकून दहा मिनिटं हाताने वरखाली करा, पाणी ओतून द्या. मग साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, धुण्याचं पाणी नितळ आणि बिनफेसाचं येईपर्यंत. इथे घाई केली तर सगळी पद्धत फुकट जाते, कारण धुऊन न निघालेला मगज पाण्यात उतरणारच. बुडाशी भोक पाडलेल्या लहान बादलीत किंवा उलट्या बाटलीत कापड, त्यावर बारीक खडी, त्यावर ही वाळू वीसेक सेंटिमीटर. पाणी बारीक धारेने सोडा. धार जोरात असेल तर कण वाळूला टेकायच्या आतच पुढे निघून जातात.

पाणी परत गढूळ उतरायला लागलं की वाळू भरली असं समजा. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याने ती चोळून धुतली की प्रथिन आणि माती दोन्ही सुटतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन नव्या अर्काने पुन्हा तयार करा. वापर दोन दिवस थांबणार असेल तर वाळू ओली ठेवू नका, काढून उन्हात पसरा.

नितळ म्हणजे पिण्याजोगं नाही

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. असे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, वास देत नाहीत, आणि पाणी काचेसारखं असलं तरी त्यात असू शकतात. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही आढळता कामा नये. बी तिथपर्यंत नेत नाही. ती पाणी पुढच्या उपायासाठी तयार करते, आणि पुढचा उपाय केलाच पाहिजे.

उकळणार असाल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळल्याने जिवाणू मरतात, पण विरघळलेला मगज पाण्यातच राहतो. म्हणून उकळलेल्या पाण्यातही हात, डाव किंवा ओला ग्लास बुडाला की ते पुन्हा बिघडतं.

क्लोरीनचा क्रम नेहमी शेवटचा: अर्क, साका, नितारणं, गाळणं, मग क्लोरीन. आधी टाकलं तर ते बियांच्या अंशावरच खर्ची पडतं आणि जिवाणूंसाठी काही उरत नाही. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ५ ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या भांड्यात १ लिटर पाण्यात कालवा, चुना बसू द्या. वरचं निवळ द्रावण २० लिटरला २५ मिलिलिटर घाला. हे लिटरला साधारण २ मिलिग्रॅम होतं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडिन टाकून उरलेला क्लोरीन बघा. नमुना पिवळा झाला नाही तर १० मिलिलिटर आणखी घालून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. उरलेला क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवा. चाचणीचा नमुना पिऊ नका. ऑर्थोटोलिडिन विषारी आहे, नमुना ओतून हात धुवा.

ओटी टेस्ट इथे आणखी एक गोष्ट सांगते. नेहमीच्या मात्रेत पिवळा रंग येतच नसेल, दोनदा क्लोरीन घालूनही नाही, तर पाण्यात मगजाचा अंश जास्त उरला आहे. मागे जाऊन मात्रा आणि गाळणं तपासा. क्लोरीन ओतत राहणं हा त्यावर उपाय नाही.

खात्रीसाठी ग्रामपंचायतीत वापरतात ती एच-टू-एस बाटली चालते. पाणी क्लोरीन घालण्याआधीचं भरायचं, २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. काळं पडलं तर विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता धरावी. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा रीतसर तपासणी करून घ्यावी. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, आणि विहीर-बोअरच्या पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालयही इथेच आहे.

निवळीचं काय

निवळी हेही बियांनी गढूळ पाणी निवळणारं एक झाड; नाव कामावरूनच पडलं. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांत कतक म्हणजे निवळी पहिली आहे आणि कापडही त्याच यादीत आहे. निवळीची बी थोड्या पाण्यात सहाणेवर उगाळून घालतात. हिचा अर्क ऋणभारित असतो. तो भार मारत नाही, लांब साखळ्यांनी कणांना एकत्र बांधतो. मात्रा शेवग्यापेक्षा बरीच कमी लागते, आणि जास्त झाली तर पाणी तसंच धुरकट राहतं. बाटल्यांची परीक्षा हिलाही लावा, फक्त अर्क चांगलाच पातळ करून. शेवग्याचा आणि निवळीचा अर्क एका वाटीत कालवू नका; धन आणि ऋण एकमेकांनाच धरून बसतात.

पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून घेताना एक सावधगिरी हवी. निवळी आणि काजरा, म्हणजे कुचला, एकाच कुळातले. काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं. काजऱ्याची बी चपटी, नाण्यासारखी गोल, राखाडी, रेशमी लव असलेली. निवळीची लहान आणि गोटीसारखी फुगीर. दुकानदाराला नावाने मागा, बी हातात घेऊन बघा, मिसळलेली पुडी घेऊ नका. शंका आली तर परत करा.

मोठ्या टाकीला चालेल का

सोसायटीकडून हा प्रश्न हमखास येतो. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागे १०० मिलिग्रॅम धरले तर १ किलो मगज लागतो, म्हणजे सुमारे ५,००० बिया सोलायच्या. शिवाय जमिनीतल्या टाकीत हळू ढवळणं आणि साका काढणं दोन्ही जमत नाही. साका तिथेच कुजतो आणि वास थेट वरच्या टाकीत चढतो. ही पद्धत २० ते २०० लिटरची आहे. त्यापुढे टाकी धुणं, मोजून तुरटी, वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन हाच मार्ग धरा.

साका मोरीत ओतू नका, झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात टाका आणि वर माती ओढा. पालेभाजीच्या वाफ्यात नको. भांडं साबणाने घासून उन्हात पालथं घाला, आणि सिरिंज, खलबत्ता, कापड गरम पाण्यातून काढा. बुळबुळीत थर एकदा धरलेल्या भांड्यात नवं पाणी भरलं तर मात्रा बरोबर असूनही वास येतो. अशा वेळी भांड्यात टीसीएलचं ते निवळ द्रावण लिटरला ३० मिलिलिटर घातलेलं पाणी काठोकाठ भरून अर्धा तास ठेवा, ओतून द्या, दोनदा विसळा आणि मगच नवा अर्क करायला घ्या.